विंडोज-लिनक्स-अँड्रॉइडवर लाइव्ह ऑडिओ, उशीर वाढतच जातो

सिडकोवाला:
नाशिकला आमच्या हॉलमध्ये कीर्तन असतं, गर्दी झाली की लोक गच्चीवर बसतात, तर खालच्या विंडोज लॅपटॉपवरनं माईकचा आवाज वायफायने वरच्या लिनक्स पीसीवर नि चार-पाच अँड्रॉइड फोनवर पाठवायचाय. सी++ मध्ये लिहितोय, टीसीपीवर कच्चा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज. चालतं, पण मधेच अडकतं आणि मग उशीर साचतच जातो. काय करू?

पंचवटीकर:
टीसीपी सोड आधी. एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागचं सगळं तुंबतं. यूडीपी घे, ते हरवलेल्या पॅकेटसाठी थांबत नाही, प्रत्येक पॅकेटला क्रमांक नि टाइमस्टॅम्प दे. आणि ४८ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ कच्चं म्हणजे सेकंदाला १५३६ किलोबिट, तेही दर फोनला वेगळं! ओपस वापर, तो आवाज दाबून लहान करणारा कोडेक आहे, २० मिलिसेकंदांची फ्रेम, ९६ किलोबिटला टाळ-मृदंग मस्त येतो.

गंगापूररोड:
बरोबर, पण खरी मेख घड्याळात आहे भाऊ. दोन साउंडकार्ड कधीच अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत, सेकंदाला दोनच सॅम्पलचा (आवाजाच्या नमुन्यांचा) फरक धरला तरी तासाभरात ७२०० सॅम्पल, म्हणजे १५० मिलिसेकंद, मग बफर (वाजण्याआधी आवाज साठतो ती जागा) एकतर रिकामा होतो नाहीतर भरून वाहतो. बफरची पातळी बघत हळूहळू रिसॅम्पल कर, म्हणजे वाजवायचा वेग किंचित कमी-जास्त कर, कानाला कळतसुद्धा नाही.

सिडकोवाला:
हे डोक्यातच नव्हतं, थँक्यू दादा! तिन्हीकडे प्लेबॅकला काय घेऊ?

पंचवटीकर:
मिनीऑडिओ लायब्ररी, तिन्हीकडे तोच कोड चालतो. फक्त ऑडिओ कॉलबॅकमध्ये (आवाज हवा झाला की बोलावलं जाणारं तुझं फंक्शन) लॉक किंवा नेटवर्कचं काम अजिबात नको, मधे रिंग बफर, म्हणजे गोल फिरणारी रांग, ठेव.