हस्तकलेसाठी विक्रेत्यांच्याच मालकीचं ऑनलाइन दुकान : कुठलं निवडावं?

पेडण्याची_लोकर : नमस्कार. आम्ही पेडण्यातल्या काही जणी क्रोशाचं काम करतो. डिचोलीच्या दोन कुंभार ताईही सोबत आहेत. विक्री म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि चवथीआधीचे स्टॉल. एका मोठ्या साइटवर दुकान काढलं होतं, पण कमिशन वाढलं की फक्त ईमेल येते, विचारत कोणी नाही. मालकी विकणाऱ्यांचीच असेल अशी साइट आहे का? जीएसटी नंबर कोणाकडेच नाही.

सहकार_फोंडा : ताई, आहे. एत्सी या हस्तकलेच्या मोठ्या अमेरिकन विक्री साइटने एप्रिल २०२२मध्ये व्यवहार शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. त्या चळवळीतून अमेरिकेत 'आर्टिझन्स को-ऑपरेटिव्ह' उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिचा बाजार सुरू झाला. सभासदच मालक, प्रत्येकाला एक मत. वाचून बघाच. पण तुमच्यासाठी ती पहिली पायरी नव्हे. क्रोशाची टोपी परदेशी पाठवायचं टपाल टोपीपेक्षा महाग पडेल, आणि कुंडीचं तर विचारूच नका.

जवळचं उदाहरण बिकानेरच्या 'रंगसूत्र'चं. सुरुवातीला हजार कारागिरांनी हजार-हजार रुपये घालून कंपनी उभी केली. आज कारागीर तिचे भागधारक आहेत आणि माल मोठमोठ्या दुकानांत जातो. आधी मालकी, मग गिऱ्हाईक. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

बाणावली_विणकाम : ओएनडीसी, म्हणजे सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाइन विक्रीचं नेटवर्क, सुचवू का? कमिशन कमी पडतं म्हणतात.

सहकार_फोंडा : माल जास्त लोकांना दिसावा म्हणून ते चांगलं. पण ते खुलं नेटवर्क आहे, सभासदांची संस्था नव्हे. तिथे धोरण ठरवायला ताईंना मत नाही, आणि त्यांचा प्रश्न तोच आहे.

पेडण्याची_लोकर : मग आम्हीच काढायची म्हटली तर? आणि जीएसटीचं काय?

हिशोबनीस_मडगाव : हे नीट वाचा, कारण बहुतेक जणी इथेच अडतात. १ ऑक्टोबर २०२३पासून उलाढाल मर्यादेत असेल (गोव्यात वस्तूंसाठी ४० लाख) तर जीएसटी नोंदणीशिवायही साइटवरून विकता येतं. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यायचा. पण त्यावर विक्री फक्त गोव्यातल्या गोव्यात. पुण्याच्या गिऱ्हाइकाला साइटवरून विकायचं तर नोंदणी आली.

म्हणून प्रत्येकीने वेगळं दुकान मांडण्यापेक्षा उत्पादक कंपनी काढा. दहा उत्पादक जमले की नोंदवता येते, आणि भाग कितीही असोत, मत प्रत्येकीला एकच. तुम्ही माल कंपनीला विकायचा, नोंदणी कंपनीने एकदाच करायची आणि पुढे देशभर तिनेच विकायचं. तुमच्या घरी फक्त हातबिलांची वही. वर्षाचं ऑडिट मात्र चुकत नाही, त्याचा खर्च आधीच धरा.

सहकार_फोंडा : अगदी. आणि ताई, वेबसाइटवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी सभेत लिहून मंजूर करा. फुटलेल्या कुंडीचा तोटा कोणाचा? आणि फोटो, पॅकिंग, गिऱ्हाइकांचे फोन हे काम करणारीला मोबदला किती? ते काम फुकटात एकीच्याच गळ्यात पडलं तर ती वर्षभरात थकते आणि दुकान बंद पडतं.

पेडण्याची_लोकर : आम्ही आठ जणी आहोत, कुंभार ताई धरून दहा होतात. मडगावकर, मातीकाम आणि क्रोशा एकाच कंपनीत चालेल ना?

हिशोबनीस_मडगाव : चालेल. उद्देशांत दोन्ही हस्तकला लिहा.