गुराब की गलबत?

प्रश्न: आमच्याकडे विजयदुर्गाच्या लढाईचं एक जुनं छापील चित्र आहे. किल्ल्यासमोर तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज दिसतं, खाली नाव नाही. वडील त्याला गलबत म्हणायचे, मामा गुराब म्हणतो. दोन्ही शब्द एकाच जहाजाचे का?

उत्तर: नाही. शिडाचं कुठलंही जुनं जहाज दिसलं की आज आपण त्याला सरसकट गलबत म्हणतो, म्हणून हा घोळ होतो. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जी यादी आहे, तिच्यात गुराबा आणि गलबते वेगवेगळी मोजली आहेत. शिबाडे आणि तरांडीही निराळी.

चित्रात आधी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाहा. गुराबेची नाळ निमुळती होत पाण्यावर बरीच पुढे आलेली असते. नाळेच्या मागे आडवी फळ्यांची भिंत असते आणि तिला भोकं पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असतात. १८व्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म या तोफा ९ किंवा १२ रतली (पौंडी) गोळ्यांच्या असल्याचं सांगतो. बाकीच्या तोफा दोन्ही बाजूंना. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, मोठीला तीन, आणि तीन काठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंत भरायची. रुंद आणि उथळ बांधणीमुळे खाडीत शिरायला तिला अडचण नसे.

गलबत त्याच घाटाचं पण लहान, मोठ्यात मोठं ७० टनांच्या आसपास. दोन काठ्या, त्यातली मागची अगदी किरकोळ, पुढे एकच मोठं तिकोनी शीड आणि ४०-५० वल्ही. तीन काठ्या दिसताहेत म्हणजे तुमचं जहाज गलबत खचितच नाही.

प्रश्नकर्ता: भिंगातून पाहिलं. भिंतीत दोन काळी भोकं आहेत! आणि पुढे एक वल्ह्यांची होडी आहे, तिच्यापासून जहाजापर्यंत दोर आलाय.

उत्तर: मग मामांचा शब्द बरोबर, ती गुराबच. दोर लावलेली ती होडी म्हणजे गलबत असणार. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना शत्रूच्या जहाजापर्यंत ओढत नेत. चित्रकाराने हे टिपलंय याचा मला फार आनंद झाला, कारण जहाजं आता पाहायला मिळणार नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी विजयदुर्गाच्या बंदरात आग लागली आणि किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आजही मनाला लागतं.

शब्दाबद्दल आणखी एक. गुराब हा मूळ अरबी शब्द, अर्थ कावळा. मराठीत मात्र तो स्त्रीलिंगी झाला, म्हणून बखरीत अनेकवचन ‘गुराबा’. तेव्हा चित्राखाली नाव लिहाल तर ‘आंग्र्यांची गुराब’ असं लिहा, ‘आंग्र्यांचा’ नको.