मदत हवी आहे: चढणीवर आईचे ठोके बाबांपेक्षा इतके जास्त का?

आई ५८ वर्षांची, बाबा ६४. दोघं रोज सकाळी पणजीत आल्तिनोची चढण चढतात. वर पोचल्यावर आईच्या घड्याळात ठोके १४८, बाबांचे १२२. आईचा चेहरा लालबुंद, कठड्याला धरून उभी! बायकांचं हृदय लहान, एका ठोक्यात रक्त कमी जातं म्हणून ठोके वाढतात, हे कळतं. पण पाळी गेल्यावर रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात आणि व्यायामात वरचं बीपी जास्त चढू शकतं, खरी काळजी त्याची आहे.

२२० वजा वय केलं तर कमाल ठोके १६२, बायकांसाठीच्या सूत्राने (२०६ वजा वयाच्या ०.८८ पट) १५५. कुठलं धरायचं? पन्नाशीनंतर ट्रेडमिल टेस्ट केलेल्या ताईंनी, मावशींनी कृपया सांगा, चालताना बीपीही मोजलं का? तोवर आईला मिरामारच्या सपाटीवरच नेतोय.