मदत हवी आहे: गणितासोबत अर्थशास्त्राचं डबल मेजर घ्यावं की मायनरवर थांबावं? (नागपूर विद्यापीठ)

संत्रानगरी_०७

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. पहिलं वर्ष झालं (गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र). कॉलेज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, कला शाखाही त्याच आवारात आहे. सीजीपीए ८.१. तिसऱ्या सत्रासाठी मेजर-मायनरचा (मुख्य आणि दुय्यम विषयाचा) फॉर्म येत्या आठवड्यात भरायचा आहे. गणित मेजर नक्की. पुढे एम.ए. अर्थशास्त्र किंवा डेटाचं काम, यांपैकी काहीतरी करायचं आहे, म्हणून अर्थशास्त्रही मेजर म्हणूनच घ्यावं असं वाटतं. ऑफिसात विचारलं तर "होऊन जाईल, आधी फॉर्म भर" एवढंच उत्तर मिळालं.

तीन गोष्टी कळायला हव्यात. डबल मेजर म्हणजे नेमकं किती जास्तीचं काम? पदवीवर दोन्ही विषय छापून येतात का? आणि पुढच्या प्रवेशांसाठी त्याचा खरंच उपयोग होतो का?

धंतोलीकर

आधी हिशेब मांडू, बाकीचं त्यावरच ठरतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं एकक) आहे. त्यात मेजरला किमान ६० क्रेडिट, मायनरला २४. डबल मेजर हवं असेल तर दुसऱ्या विषयात एकूण क्रेडिटच्या किमान ४० टक्के, म्हणजे ४८ लागतात. आता ६० आणि ४८ मिळून १०८ झाले. उरलेल्या १२ मध्ये भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखेचे विषय आणि इंटर्नशिप हे सगळं बसत नाही. या सगळ्यांना मिळून ३४ ते ३८ लागतात. म्हणजे १२० मध्ये डबल मेजर जवळजवळ अशक्य, १४०-१४५ पर्यंत जावंच लागतं.

आपल्या राज्यात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे सत्राला २० ते २२ क्रेडिट आणि तीन वर्षांत १२० ते १३२ असा पट्टा आहे. मायनर साधारण १८ ते २० क्रेडिटचं. मायनरचे २० तर तू घेणारच आहेस. ४८ गाठायला आणखी २८ हवेत. उरलेल्या चार सत्रांत वाटले तर सत्राला ७. म्हणजे २२ ऐवजी २९ क्रेडिटचं सत्र.

तासांत बघ. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, सत्रात १५ तास. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. २२ पैकी ६ क्रेडिट प्रॅक्टिकलचे धरले तर आत्ताच आठवड्याला २८ तास होतात. त्यात ७ मिळवले की ३५. सहा दिवसांचं कॉलेज रोज सहा तास धरलं तरी वेळापत्रकात एक तास मोकळा उरतो. अभ्यास त्यानंतरचा.

अंबाझरीकाठ

धंतोलीकरांचा हिशेब बरोबर आहे, पण एक दुरुस्ती. ४० टक्के कशाचे, ते आधी विचारा. विद्यापीठाची पदवी १३२ क्रेडिटची असेल आणि टक्के त्यावर मोजले, तर आकडा ४८ नाही, ५३ होतो. मग जास्तीचे २८ नाही, ३३. सत्राला आठच्या वर.

चौथ्या वर्षाचाही विचार आत्ताच करून ठेवा. तीन वर्षांत ४८ झाले म्हणून चार वर्षांच्या ऑनर्सवर डबल मेजर आपोआप मिळत नाही. तिथे १६० च्या ४० टक्के म्हणजे ६४ लागतात, १७६ धरले तर ७१. चौथ्या वर्षी लक्ष पहिल्या मेजरच्या वरच्या पेपरांवर असतं, त्यामुळे दुसऱ्या विषयाचे हे १६-१८ क्रेडिट राहून जातात आणि हातात साधं ऑनर्स येतं.

तर्री_पोहे

ताई, काहून एवढी घाई करून राहिली? आधी हे पाय की तुले जिथं जायचं आहे तिथं डबल मेजर कोणी मागून राहिलं का.

आयआयटीच्या जॅम परीक्षेत (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, आणि एका विद्यार्थ्याला दोन पेपरपर्यंत देता येतात. म्हणजे गणित आणि अर्थशास्त्र, किंवा अर्थशास्त्र आणि गणिती संख्याशास्त्र अशी जोडी जमू शकते, फक्त दोन्ही पेपर एकाच सत्रात येत नाहीत ना ते वेळापत्रकात पाहून घे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा एम.ए. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो आणि तिथं कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. या परीक्षांत सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, कलन, रेषीय बीजगणित अन् संभाव्यता येते. त्यातलं अर्धं तुह्या गणिताच्या मेजरमध्येच आहे.

सरकारी नोकरीत मात्र फरक पडते. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला (आयएसएस) पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असला पाहिजे, नाहीतर त्यातली पदव्युत्तर पदवी. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, पदवीतलं डबल मेजर तिथं कामाचं नाही. म्हणजे तू संख्याशास्त्र सोडून अर्थशास्त्राच्या मागं लागली तर एक दार लावून बसशील, अन् दुसरं दार डबल मेजरनं उघडत नाही. हे फॉर्म भरायच्या आधी डोक्यात ठेव.

संत्रानगरी_०७

हे माहीत नव्हतं. म्हणजे मायनर संख्याशास्त्र घेतलं तर आयएसएस चालेल, पण मग अर्थशास्त्र कुठून करायचं? आणि एकाच वेळी दोन पदव्या करता येतात असं ऐकलं, तो रस्ता कसा आहे?

अंबाझरीकाठ

दोन पदव्यांबद्दल यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वं एप्रिल २०२२ पासून आहेत. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासिका एकमेकींवर येता कामा नयेत. एक वर्गातली आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते, दोन्ही ऑनलाइनही चालतात. दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची मान्यता हवी, ती त्यांच्या संकेतस्थळावर वर्षानुसार बघायची.

वर्गातल्या दोन पदव्यांचा घोळ टीसीवर होतो. टीसी एकच असते, ती पहिल्या कॉलेजात जमा असते, आणि दुसरं कॉलेज मूळ प्रतच मागतं. शिवाय ७५ टक्के उपस्थितीची अट दोन्हीकडे. एक कॉलेज सिव्हिल लाइन्सला आणि दुसरं काँग्रेसनगरला असेल, तर मेट्रो वेळेवर आली तरी सकाळचं प्रॅक्टिकल आणि साडेअकराचं लेक्चर जुळत नाही.

म्हणून वर्गातली बी.एस्सी. आणि इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) दूरस्थ बी.ए. अर्थशास्त्र ही जोडी जास्त व्यवहार्य. इग्नूचं क्षेत्रीय केंद्र नागपुरातच आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत. सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि त्या परीक्षेआधी प्रत्येक पेपरची असाइनमेंट मुदतीत द्यावी लागते. बहुतेक पेपरांत तिला ३० टक्के वजन असतं. असाइनमेंट राहिली की परीक्षा चांगली जाऊनही तो पेपर अपूर्ण दिसतो. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, हा मोठा दिलासा.

अडचण तारखांची. आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा लांबल्या की इग्नूच्या डिसेंबर-जूनवर चढतात. त्यामुळे एका सत्रात इग्नूचे सगळे पेपर भरू नका. दोन-तीन भरा, राहिलेले पुढच्या वेळी.

सीताबर्डी_जंक्शन

मधला एक रस्ता कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा जोडविषय) आपल्याकडे मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. तू विज्ञान शाखेची, अर्थशास्त्र मानव्यविद्येत येतं, त्यामुळे उरलेली ओपन इलेक्टिव्ह सगळी अर्थशास्त्राची घे. ते क्रेडिट मायनरमध्ये जमा होणार नाहीत, पण गुणपत्रिकेवर पेपरचं नाव दिसेल. तिसऱ्या वर्षी स्वयंवरून (सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) अर्थमिती किंवा गेम थिअरीचा १२ आठवड्यांचा कोर्स कर. तिथल्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरेंच्या उपक्रमाच्या) कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० मिळवावेच लागतात. परीक्षेची फी वेगळी भरायची असते. ती तारीख चुकली की तीन महिन्यांची मेहनत नुसत्या शिकण्यापुरती राहते.

स्वयंचे क्रेडिट पदवीत धरायचे असतील तर नाव नोंदवण्याच्या आधी कॉलेजची लेखी मंजुरी घे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे घेता येतात, पण कोणते कोर्स कशाच्या बदल्यात चालतील ते विद्यापीठ ठरवतं. आधी कोर्स केला आणि मग अर्ज दिला, तर तो बहुतेक वेळा टेबलावरच पडून राहतो. निकालही उशिरा येतो, म्हणून सहाव्या सत्रात स्वयंवर अवलंबून राहू नको, अंतिम गुणपत्रिका अडकेल.

आणखी एक. एबीसी खात्यात (क्रेडिट साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) एकदा वापरलेले क्रेडिट पुन्हा दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाहीत. म्हणजे बी.एस्सी.त मोजलेला अर्थशास्त्राचा पेपर नंतर इग्नूत दाखवून सूट मिळेल अशी आशा धरू नकोस.

धंतोलीकर

अंबाझरीकाठ यांची दुरुस्ती मान्य. ४० टक्के १२० वर की १३२ वर, हा प्रश्न मीच आधी लिहायला हवा होता.

ऑफिसातल्या "होऊन जाईल"वर फॉर्म भरू नकोस. विभागप्रमुखांकडे जा आणि दोन ओळींचा अर्ज दे. त्यात विचार की अर्थशास्त्र दुसरं मेजर म्हणून घेण्याला विद्यापीठाची मान्यता आहे का, आणि असेल तर गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर ते कसं छापलं जाईल. आवक क्रमांक टाकलेली पोच घे. कॉलेजला सांगता येत नसेल तर परीक्षा भवनात विचारायला त्यांनीच पत्र द्यावं, विद्यार्थिनीने तोंडी विचारून आलेलं उत्तर नंतर कोणी मानत नाही. लेखी उत्तर आलं नाही तर डबल मेजर नाही असं धरून चाल.

वेळापत्रकाचंही तसंच. कला आणि विज्ञान दोन्हींचं तिसऱ्या सत्राचं छापील वेळापत्रक शेजारी ठेवून प्रत्येक दिवस पेन्सिलीने भर. तासिका सहसा जुळवता येतात, कारण विज्ञानाची लेक्चर्स बदलता येतात. प्रॅक्टिकलच्या बॅच बदलत नाहीत. संगणकशास्त्राची किंवा संख्याशास्त्राची बॅच दुपारी आणि अर्थशास्त्राची लेक्चर्सही दुपारी, असं दोन दिवस जरी आलं तरी उपस्थिती ७५ च्या खाली जाते.

बॅकलॉग कसा लागतो तेही सांगतो. २९ क्रेडिटच्या सत्रात अंतर्गत परीक्षा एकाच आठवड्यात दहा-अकरा पेपरांच्या येतात. त्यात विद्यार्थी दुसरं मेजर सांभाळतात आणि रिअल अॅनालिसिस किंवा अॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा मागे पडतं. यातलं रिअल अॅनालिसिस एम.ए. अर्थशास्त्राच्या पुढच्या अभ्यासालाही लागतं. दुसऱ्या विषयासाठी पहिल्यातला सीजीपीए ८ वरून ७ वर आला, तर ऑनर्स विथ रिसर्चचा (संशोधनासह चार वर्षांच्या पदवीचा) रस्ताही बंद होतो. त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

तर्री_पोहे

हे सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं धंतोलीकरांनी. गणितात पक्की असशील तर अर्थशास्त्र मागून येते. उलटं होत नाही.

संत्रानगरी_०७

खूप आभार सगळ्यांचे. अर्ज उद्याच देते. सध्या असं ठरवते आहे: मेजर गणित, मायनर संख्याशास्त्र, ओपन इलेक्टिव्ह अर्थशास्त्राची. पण समजा कॉलेजने लेखी होकार दिला आणि संख्याशास्त्राऐवजी अर्थशास्त्र मायनर घेतलं, तर मायनरपासून सुरुवात करून पाचव्या सत्रात डबल मेजरला वाढवता येईल का? म्हणजे दार उघडं राहील का?

सीताबर्डी_जंक्शन

राहील, पण पेपरचा कोड बघून घेतलास तरच. मायनरचा सूक्ष्म अर्थशास्त्र आणि मेजरचा सूक्ष्म अर्थशास्त्र यांचं नाव एकच असतं, कोड आणि क्रेडिट वेगळे असतात. मायनरचा पेपर अनेकदा हलका असतो आणि मेजरच्या रकान्यात चालत नाही. पाचव्या सत्रात वाढवायचं म्हटलं की तिसऱ्या-चौथ्याचे पेपर पुन्हा द्यावे लागतात, आणि तेव्हा सत्राला ७ ऐवजी १४ क्रेडिट अंगावर येतात.

म्हणून विभागप्रमुखांना हेही विचार की तिसऱ्या सत्रात अर्थशास्त्राचा मेजरचाच पेपर बी.ए.च्या वर्गात बसून घेतला तर तो मायनरमध्ये धरतील का. "हो" म्हणाले तर सूक्ष्म तिसऱ्यात, स्थूल चौथ्यात आणि अर्थमिती पाचव्यात या क्रमाने घे, कारण पुढचा पेपर मागच्यावर उभा असतो. "नाही" म्हणाले तर संख्याशास्त्राचं मायनरच भर, आणि अर्थशास्त्रासाठी जुलैच्या इग्नू प्रवेशाची मुदत संपायच्या आत निर्णय घे.

अंबाझरीकाठ

आणि शिष्यवृत्ती घेत असशील तर महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) बी.एस्सी.चाच अर्ज ठेव. दुसऱ्या पदवीची फी स्वतः भरायची आहे असं धरून घरच्यांशी आधी बोलून घे.

संत्रानगरी_०७

शिष्यवृत्ती आहे, हे लक्षात नव्हतं आलं. विभागप्रमुखांचं उत्तर आलं की इथेच टाकते, पेपरच्या कोडसकट.