आधारचा आकडा लपवायचा की झेरॉक्स थांबवायची?

झेरॉक्सग्रस्त
परवा कोकणात एका लॉजवर खोली घेतली. शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार मोबाइलवर दाखवलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "साहेब, पूर्ण पाहिजे, झेरॉक्स द्या." मागच्या फळीवर आधीच्या पाहुण्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, त्यावर चहाचा कप.

मला वाटतं, हा १२ अंकी आकडा गुपित ठेवायचा खटाटोपच चुकीचा आहे. त्यात ना जन्मतारीख, ना गाव; यादृच्छिक अंक आणि शेवटी एक पडताळणीचा. एस्टोनियात तर आकड्यातच जन्मतारीख असते आणि कुणी ती दडवत नाही, कारण व्यवहार होतो तो कार्डातली चिप आणि पिन यांवर. आपण मात्र कागदालाच पुरावा मानतो. कार्डावरच्या क्यूआरमध्ये डिजिटल सही असते, तो स्कॅन केला की बनावट कार्ड लगेच उघडं पडतं. पण स्कॅन करतो कोण? मे २०२२मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं होतं. ते दोन दिवसांत मागे घेतलं गेलं!

तालुक्याचा माणूस
लॉजचं काय घेऊन बसलात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं, तेव्हा गरिबाला ओळख मिळणार म्हणून केवढा गाजावाजा! आज माझी आई रेशन दुकानात पॉस मशीनवर एकेक बोट लावून बघते. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषाच उरल्या नाहीत. दुकानदार म्हणतो, "आजी, हात धुऊन या." तुमचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कुठून बदलून आणायचं?

उंबरठा
धागाकर्त्याशी सपशेल असहमत. मी गावात बँकेचा प्रतिनिधी म्हणून मशीन घेऊन बसतो. आमच्याकडे पैसे काढायला बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा पुरतो. ओटीपी नाही, पिन नाही. काही राज्यांत जमीन नोंदणीच्या दस्तांवरून नंबर आणि ठसे एकदमच उचलले, रबरी अंगठे बनवले आणि खाती साफ केली. म्हणजे इथे आकडा निम्मी किल्ली झाला की नाही?

झेरॉक्सग्रस्त
@उंबरठा, हे पटलं. दस्तात दोन्ही शेजारी-शेजारी असतात हे डोक्यात आलं नव्हतं. पण मग दोष अंगठ्यावर पैसे देणाऱ्या रचनेचा. शिवाय बायोमेट्रिक लॉक करता येतं की.

उंबरठा
येतं. मग त्याच अंगठ्यावर रेशनही मिळत नाही. चोराला वेगळं आणि मालकाला वेगळं असं कुलूप अजून निघालं नाही.

पेन्शनर
सगळे रडगाणंच गाताय. पूर्वी रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याकडे किती खेपा व्हायच्या ते आठवा. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी बँकेच्या रांगेत उभा राहायचो, आता मोबाइलला चेहरा दाखवला की काम झालं. गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्याला कारखान्याजवळ रेशन उचलता येतं, तेही ह्याच आकड्यावर. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी योजना वैध ठरवली, ते उगाच?

तालुक्याचा माणूस
काका, त्याच निकालात बँक खात्याला आणि सिमला आधार जोडायची सक्ती रद्द झाली. ह्या लॉजवाल्याला सांगा ते. आणि तो एक विरोधी निकाल न्या. चंद्रचूडांचा होता, अख्खा कायदाच घटनाबाह्य म्हणणारा. ऊसतोडीचं रेशन चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. बोट लागलं तर.

(अवांतर: चेहऱ्याची सोय पेन्शनला, तर धान्याला सगळीकडे का नसावी?)

नवखी
आईचं बायोमेट्रिक लॉक करावं म्हणतेय. लगेच होतं का?

उंबरठा
होतं. ॲपवरून करा, रेशनच्या दिवशी तेवढं उघडा. फक्त नोंदवलेला मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

तालुक्याचा माणूस
आमच्या आईचा नोंदवलेला नंबर २०१२चा, ते सिम कधीच बंद पडलं. बदलायला गेल्या महिन्यात केंद्रावर नेलं. बाईंनी मशीन पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आजी, अंगठा लावा."