मदत हवी आहे : पतीच्या नावाचा अर्धा हिस्सा अजून तसाच असताना मृत्युपत्र कसे करावे?

माझे वय ६३ असून कोथरूडमधील सदनिका माझ्या व दिवंगत पतींच्या संयुक्त नावे, निम्म्या-निम्म्या हिश्श्याने आहे. २०१८ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले आणि सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांचा हिस्सा मी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान विभागला जाऊन माझ्याकडे एकूण दोन तृतीयांश येतो, असा माझा हिशेब आहे. मुलगा कॅनडात स्थायिक आहे, तर अविवाहित मुलगी माझ्यासोबत राहते. दोघे सज्ञान आहेत आणि त्यांच्यात वाद नाही. तो पुढेही होऊ नये एवढ्याचसाठी हा खटाटोप.

सोसायटीत माझ्या हिश्श्यासाठी मुलीचे नामनिर्देशन आहे, परंतु त्याने मालकी ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, लाभार्थी नसलेले दोन साक्षीदारही ठरले आहेत आणि ऐच्छिक असली तरी नोंदणी करणारच आहे. बक्षीसपत्र मात्र नको, कारण हयातीत घर माझ्याच नावे राहावे अशी इच्छा आहे.

दोन वकिलांनी परस्परविरोधी सल्ला दिल्याने (शुल्क दोघांनीही घेतले!) विचारते : मुलाकडून वकिलातीत साक्षांकित कुलमुखत्यारपत्र मागवून आधी हक्कसोडपत्र नोंदवावे, की सध्या केवळ माझ्या दोन तृतीयांश हिश्श्यापुरते मृत्युपत्र करावे, आणि दुसरा मार्ग स्वीकारल्यास मुलीला पुढे सोसायटीत हस्तांतरण करताना कोणत्या अडचणी येतात?