मदत हवी आहे: रस्ता रुंद होतोय, कडुनिंब वाचवायचेत, पर्यायी आराखडा कसा काढतात?

रंगाची_वाटी | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार. घाईत लिहितेय. आमच्या गल्लीतला रस्ता रुंद करायलेत, काल सगळ्या झाडांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकून कागद चिकटवून गेलेत. सोमवारपर्यंत हरकती द्यायच्यात. आज आम्ही पाचजणी ऑफिसात जाऊन आलो. तिथले साहेब नीट बोलले, त्यांनीच सांगितलं की नुसतं झाडं वाचवा म्हणून लिहून दिलं तर कागद फाइलला लागतो आणि तिथंच राहतो, झाडं ठेवून रस्ता कसा बसतो ते काढून आणा, मग बोलता येईल. आता आम्ही काय काढणार, आमच्यात कुणी इंजिनियर नाही.

असा आराखडा कोण काढून देतं, त्यात काय काय लागतं, दोन दिवसांत होतं का? कुणी केलं असेल तर सांगा. झाडांचं महत्त्व कृपया सांगू नका, ते पटलेलं आहे म्हणूनच इथं आलेय.

मुरूम_गिट्टी | रात्री ९:५८

कुठला रस्ता, शहरात का हद्दीबाहेर? रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? आत्ता रुंदी किती आणि किती करणार? झाडं किती, कुठली, एका बाजूला का दोन्ही? हे सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकत नाही.

जुळे_सोलापूरकर | रात्री १०:०५

आराखडा नंतर, आधी हरकत. शहरात असाल तर १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतनाचा कायदा लागतो. २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरतात आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. गावात असाल तर १९६४ चा वेगळा कायदा आहे. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा, फोटो काढा, नंबर दिसला पाहिजे. आणि अर्ज दोन करा, एक वृक्ष अधिकाऱ्याला झाडांबद्दल, दुसरा शहर अभियंत्याला रस्त्याबद्दल. लोक एकच अर्ज देतात आणि तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

टाकळीचा_पाटील | रात्री १०:२०

तुमची जागा जात असेल तर रोख मोबदल्यासाठी थांबू नका, टीडीआरचं, म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या बांधकामाच्या हक्काचं विचारा. आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा, मोजणी करून घ्या. माझ्या मेव्हण्यानं नीट मोजणी केली नाही आणि

टाकळीचा_पाटील | रात्री १०:२१

अर्धवट गेलं. मोजणी केली नाही आणि दीड फूट हातचा गेला. मोजणी कराच.

रंगाची_वाटी | रात्री १०:३५

आमची जागा जात नाहीये ओ, भिंती आहेत तिथंच राहणार आहेत. मधलाच रस्ता रुंद करायलेत.

गल्ली सोलापूरच्या पूर्वभागात, अक्कलकोट रोडच्या आत, रस्ता शहरातलाच. ९ कडुनिंब आणि १ पिंपळ. कडुनिंब सगळे एकाच बाजूला. रुंदी बरीच आहे.

मुरूम_गिट्टी | रात्री १०:३८

बरीच म्हणजे किती ताई? भिंतीपासून भिंतीपर्यंत मीटरमध्ये सांगा.

वारीचा_वाटसरू | रात्री १०:५०

माझं गाव माळशिरस तालुक्यात. आमच्याकडनं पालखी मार्ग गेला, आळंदी पंढरपूर, ९६५ नंबरचा. २०२१ च्या नोव्हेंबरात भूमिपूजन झालं. चालणाऱ्यांना वेगळी वाट ठेवली हे फार चांगलं केलं, पूर्वी ट्रक अंगाला घासून जायचे, आता बाया लेकरं निवांत चालतात. पण जुनी वडाची झाडं गेली त्याचं दुःख आहे. मी वीसेक वर्षं वारीत चालतोय, कुठल्या झाडाखाली दिंडी टेकते हे पायाला माहीत होतं. आता नवी रोपं लावलीत, ती मोठी व्हायला आमचा जन्म जाईल.

तुम्ही आत्ताच बोला. एकदा करवत लागली की मग बोलून उपयोग नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड माहीत असेल, रत्नागिरी नागपूर हायवेत जाणार होता, २०२० ला लोकांनी आवाज उठवला आणि रस्ताच बाजूनं वळवला. हायवे वळतो तर गल्लीचा रस्ता का नाही वळणार?

प्लॅस्टिक_टू_रोड | रात्री ११:१०

ह्या सगळ्यावर एक उपाय सुचवतो, रस्ता प्लॅस्टिकचा करायला सांगा. मदुराईच्या आर. वासुदेवन सरांनी पद्धत काढली, गरम खडीवर कचऱ्यातल्या प्लॅस्टिकचा थर देऊन मग त्यात डांबर मिसळायचं. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पाणी आत शिरत नाही, खड्डे कमी पडतात. कचरा पण संपतो आणि पर्यावरण पण वाचतं. मी हे तीन वर्षं सगळीकडं लिहितोय.

मुरूम_गिट्टी | रात्री ११:१४

त्यांनी झाडं विचारलीत. पिंपळ मधे आला तर त्याला प्लॅस्टिकचा रस्ता काय करणार?

प्लॅस्टिक_टू_रोड | रात्री ११:१६

पर्यावरण म्हणजे फक्त झाड नाही. मूळ प्रश्न पर्यावरणाचाच आहे ना?

मुरूम_गिट्टी | रात्री ११:२१

चांगली पद्धत आहे, मी नाही म्हणत नाही. पण सोलापूरची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरमाचा थर नीट दाबून घेतला नाही तर वर डांबर टाका नाहीतर काहीही टाका, तीन पावसाळ्यांत लाटा येतात. मी ह्याच कामात २२ वर्षं काढलीत. आणि खरं सांगू का ताई, तुम्हाला आवडणार नाही, पण कडुनिंबाची मुळं रस्ता उचलतात. मी स्वतः उचललेला पाहिलाय.

जुळे_सोलापूरकर | रात्री ११:३०

मुळं उचलतात कारण खोडापर्यंत काँक्रीट ओततात. वरून पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही, मग मूळ जिथं ओल सापडेल तिथं जातं आणि ती ओल असते रस्त्याच्या थराखाली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ ला दिल्लीत आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटर काँक्रीट काढा. पुण्यात जंगली महाराज रोडला जाऊन बघा, फुटपाथ रुंद केला आणि जुनी झाडं त्यात तशीच ठेवलीत. पुण्यानं २०१६ ला रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वंच काढली.

मुरूम_गिट्टी | रात्री ११:३४

पुणं पुणं आहे. तिथं पाऊस किती आणि इथं किती. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास.

जुळे_सोलापूरकर | रात्री ११:३६

म्हणूनच तर आहे ते पाणी मुळापर्यंत गेलं पाहिजे.

रंगाची_वाटी | शनिवार, सकाळी ७:१५

तुम्ही दोघं भांडताय ते ठीक आहे, पण माझ्याकडं आजचा आणि उद्याचा दिवस आहे. काय मोजायचं ते सांगा, मी मोजते.

ह्या झाडांपायी मी एवढी का धावतेय तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला कळेल. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत टेरी टॉवेलचे माग आहेत, निम्म्या घरांत बायका विड्या वळतात. घरात पत्रा. मे महिन्यात सोलापूर ४४ ला जातं तेव्हा पत्र्याखाली बसवत नाही, मग सगळ्याजणी सूप मांडीवर घेऊन कडुनिंबाखाली येतात. पानं भिजवलेली ओल्या फडक्यात, कात्री, दोऱ्याची रिळ. उन्हात पान वाळलं की वळताना फाटतं आणि फाटलेली विडी मोजताना बाजूला काढतात, तेवढे पैसे गेले. म्हणजे सावली आमच्याकडं हौस नाही, मजुरी आहे. दुपारी सावली सरकली की ओळच्या ओळ सुपं घेऊन सरकते. पिंपळाला पार आहे, तो माझ्या सासूबाईंच्या लग्नाआधीचा. शनिवारी तिथं तेलाचा दिवा असतो, बाकी दिवस म्हातारे असतात.

रस्ता नको असं आमचं कुणाचंच म्हणणं नाही. पावसात चिखल होतो, रिक्षा आत येत नाही, बाळंतिणीला उचलून आणावं लागलंय. रस्ता पाहिजे आणि झाडं पण पाहिजेत.

नकाशा_वही | सकाळी ८:०२

ताई, हे जे लिहिलंत ते जसंच्या तसं अर्जाच्या पहिल्या पानावर घाला. किती बायका कुठल्या वेळी कुठल्या नंबरच्या झाडाखाली बसतात ते पण लिहा. रस्त्याचा वापर म्हणतात तो हाच, पण तो कुठल्याच नकाशात येत नाही.

आता मोजमाप. भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी. आत्ताचं डांबर किती. प्रत्येक झाडाची भिंतीकडची कड भिंतीपासून किती आणि रस्त्याकडची कड किती. पाराची बाहेरची कड. विजेचे खांब, गटार, नळाचे चेंबर. सगळं मीटरमध्ये, एकाच भिंतीपासून. कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरा, चौकटीची वही घ्या, इंजिनियर लागत नाही. आणि नवीन डांबराची पट्टी किती होणार तेही विचारून घ्या.

रंगाची_वाटी | सकाळी ११:५०

झालं. शिवणाची टेप दीड मीटरचीच होती म्हणून सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारल्या, पोरांनी धरली.

भिंत ते भिंत तिन्ही ठिकाणी १२ च्या वर, सगळ्यात कमी १२.०५. आत्ताचं डांबर ४.५. कडुनिंब भिंतीपासून १.९ ते २.३ वर सुरू होतात, रस्त्याकडची कड २.६ ते ३. पाराची बाहेरची कड ५.४. खांब समोरच्या बाजूला, गटार पण समोरच. नवीन पट्टी ७ मीटरची म्हणाले.

मुरूम_गिट्टी | दुपारी १२:०४

अहो मग हे तर होतंय की! काल एवढं सांगितलं असतं तर.

नकाशा_वही | दुपारी १२:४०

बारा मीटर धरून चला. झाडांच्या भिंतीपासून १.८ मीटर पायवाट, आयआरसी १०३ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत, फुटपाथला किमान मोकळी रुंदी तेवढीच सांगितलीय आणि तुमचं पहिलं झाड १.९ ला सुरू होतंय, म्हणजे बसतं. मग २.२ मीटरचा झाडांचा पट्टा, त्यातच दोन झाडांच्या मधे गाड्या लावायच्या. इथपर्यंत ४ मीटर झाले. पुढं ५.५ मीटर डांबर, त्यातून टेम्पो आणि रिक्षा समोरासमोर हळू जातात. उरले २.५, त्यात १.८ पायवाट आणि ०.७ मध्ये खांब आणि गटार. बेरीज १२.

सात मीटर म्हणजे पूर्ण दोन लेन, जिथं बस आणि ट्रक सारखे जातात तिथं लागतात. तुमच्याकडं उद्या सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसून गाड्या मोजा, दुचाकी, रिक्षा, टेम्पो, मोठी वेगळी. गल्लीत सात मीटर केले तर दीड मीटर गाड्या लावण्यात जाणार आणि बाकीच्यात पोरं सुसाट जाणार.

आता पिंपळ. पार ५.४ पर्यंत येतो, राहिले ६.६. त्यातनं समोरचे २.५ गेले की ४.१ उरतात. एका लेनला ३.७५ लागतात. म्हणजे पाराजवळ तेवढ्यापुरती एकच लेन, समोरचा थांबेल मग दुसरा जाईल. दोन्हीकडं आधीच रस्ता थोडा उचलून घ्या, पायवाटेच्या पातळीला, म्हणजे वेग आपोआप पडतो.

टाकळीचा_पाटील | दुपारी १:१०

अग्निशमनची गाडी अडकली तर? आमच्याकडं एका बोळात अशीच अडकली होती.

मुरूम_गिट्टी | दुपारी १:२५

चार मीटर दहा सेंटिमीटरमध्ये जाते. अडकते ती दारात लावलेल्या गाड्यांमुळं, झाडामुळं नाही. पाराच्या दोन्हीकडं दहा दहा मीटर गाडी लावायची नाही अशी पट्टी मारायला सांगा. आणि पिंपळाच्या फांद्या साडेचार मीटरच्या खाली असतील तर तेवढ्या छाटायची तयारी तुम्हीच दाखवा. आपण पण काही द्यायला तयार आहोत हे दिसलं पाहिजे.

मुळांचं माझं म्हणणं अजून तेच आहे, पण त्यावर उपाय लिहून देतो. झाडांच्या पट्ट्यात खोदाई जेसीबीनं नाही, कुदळ फावड्यानं, खोडापासून निदान एक मीटर तरी. त्या पट्ट्यात काँक्रीट नाही, वाळूवर बसवलेले पेव्हर, सांध्यात सिमेंट भरायचं नाही. पायवाटेचं पाणी झाडांकडं उतरेल असा उतार. पण पाणी डांबराच्या थराखाली जाता कामा नये, कडेला कर्ब, म्हणजे काठाचे दगड, खोल बसवा, नाहीतर आपली काळी माती फुगणार आणि दोष झाडाला येणार. कर्ब १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, म्हाताऱ्यांना चढता येत नाही.

जुळे_सोलापूरकर | दुपारी १:३२

हेच मी काल रात्री म्हणत होतो.

मुरूम_गिट्टी | दुपारी १:३३

तुम्ही पुणं म्हणत होता.

प्लॅस्टिक_टू_रोड | दुपारी २:००

५.५ मीटरचं डांबर आहे ना, त्यात प्लॅस्टिक मिसळायची सूचना एका ओळीत घाला. आराखड्याला धक्का लागत नाही.

वारीचा_वाटसरू | दुपारी ३:१५

तुमच्याकडनं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या उंच काठ्या जातात का? किंवा नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ? जात असेल तर उंचीचं आणि तारांचं पण बघा.

रंगाची_वाटी | दुपारी ३:४०

नाही, दोन्ही जात नाहीत. गणपतीची मिरवणूक जाते, ती पाराजवळ थांबतेच.

रंगाची_वाटी | रविवार, रात्री ९:०५

नकाशा काढला, दोन पानांवर. मुलीनं रंग दिला, झाडं हिरवी, पायवाट पिवळी. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते सात गाड्या मोजल्या, दोन तासांत मोठी गाडी एकच, पाण्याचा टँकर. दुपारी खडूनं रस्त्यावरच ५.५ ची रेघ मारली आणि एक टेम्पोवाला आणि एक रिक्षावाला समोरासमोर घालून बघितलं, गेले. पाराजवळ टेम्पो एकटा गेला, आरशापासून पारापर्यंत हातभर जागा राहिली. त्याचा फोटो लावलाय. ६१ सह्या झाल्यात, विडीवाल्यांपैकी ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.

एकच अडलंय. सात नंबरच्या कडुनिंबाच्या बुंध्याला एका बाजूला पोकळी आहे. ते लिहू का लपवू? लिहिलं तर ते झाड जाईल अशी सगळ्यांना भीती.

नकाशा_वही | रात्री ९:२०

लिहा. उद्या तपासणीला माणूस आला की त्याला दिसणारच, आणि लपवलेलं सापडलं तर बाकीच्या नऊ झाडांवरचा विश्वास जातो. पोकळी किती खोल, कुठल्या उंचीला, पानोळा कसा आहे ते लिहा आणि जाणकाराकडून तपासणीची मागणी करा.

जुळे_सोलापूरकर | रात्री ९:२६

दोन अर्ज आणि नकाशा, तिन्ही कागदांच्या दोन दोन प्रती, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. त्याशिवाय काउंटर सोडू नका. जमलं तर माहिती अधिकारात फाइल पाहणीचा अर्ज पण उद्याच देऊन ठेवा, उत्तराला ३० दिवस लागू शकतात म्हणून लवकर.

रंगाची_वाटी | सोमवार, दुपारी १२:५०

दिले. तिन्हीवर आवक नंबर आहेत. सात नंबरचं लिहिलं. साहेबांनी नकाशा उलटा धरून बघितला, मग सरळ केला, आणि विचारलं ही ४.१ कुणी मोजली. मी सुतळी दाखवली. गुरुवारी सकाळी टेप घेऊन स्वतः येतो म्हणालेत.

मुरूम_गिट्टी | दुपारी १:०२

गुरुवारी किती वाजता? मी कुंभारीला कामावर आहे, जवळच आहे, येऊन जाईन. सुतळी भिजवू नका तोपर्यंत, आखडते.